उघड्यावरील लांकडाची राखण
(सज्जा व फळ्यांचा ओटा यांची सफाई, डागडुजी आणि तेलपाणी)

आपल्या खानदेशांतील जुन्या घरांकडे पाहिलें असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. भिंती मातीच्या, वर धाबें मातीचें. पण या सर्वांचा भार ज्यांवर उभा असतो ते खांब, त्या तुळया व कड्या बहुधा सागाच्या असतात. घराची खरी पुंजी ती हीच. छपराखालचें हें लांकूड दोन-तीन पिढ्या टिकतें; त्याकडे कोणीं फारसें पाहिलें नाहीं तरी चालून जातें. परंतु त्याच सागाचें, त्याच सुतारानें घडविलेलें जें लांकूड उघड्यावर असतें, म्हणजे माडीपुढील सज्जा, बाहेरचा जिना किंवा अंगणांतील फळ्यांचा ओटा, त्याची स्थिति निराळी. तें थोड्याच पावसाळ्यांत करडें पडतें, उलतें, टोंकांशीं मऊ होतें; आणि एखाद्या दिवशीं पायाखालची फळी मोडून घरांतील वृद्ध माणूस किंवा मूल खालीं येतें.

पूर्वीं फळी कुजली तर सातपुड्यांतील सागाची दुसरी आणवून बसवीत. आतां तें इतकें सोपें राहिलेलें नाहीं. १९६४ सालीं महाराष्ट्रांत वृक्षतोडीचें नियमन करणारा कायदा झाला. त्यांत सागाचा समावेश असल्यामुळें स्वतःच्या बांधावरचा सागहि परवानगीवांचून तोडण्यास मनाई झाली. बाजारांतील जुना, पक्का साग महाग, व नवा साग पुष्कळदां कोंवळा असतो. म्हणून जें लांकूड वडिलांकडून आलें आहे तें राखणें, हाच शहाणपणाचा मार्ग होय. या कामास साहित्य थोडें, खर्च बेताचा व मेहनत वर्षांतून चार-पांच दिवसांची लागते. मात्र कोणतें काम कोणत्या क्रमानें व कोणत्या महिन्यांत करावयाचें हें ठाऊक पाहिजे. चुकीच्या वेळीं चुकीचा रंग लावला, तर कांहींच न लावण्यापेक्षां अधिक नुकसान होतें.

१. लांकूड कां बिघडतें?

उघड्यावरील लांकडाचे शत्रु चार: ऊन, पाणी, बुरशी व वाळवी.

लांकडाचे तंतु एकमेकांस चिकटवून ठेवणारें एक द्रव्य लांकडांतच असतें. शास्त्रज्ञ त्यास लिग्निन म्हणतात. उन्हांतील डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण या द्रव्याचें विघटन करतात. पहिल्या पावसांत तें धुऊन जातें व वर नुसते सुटे, करडे तंतु राहतात. जळगांव-भुसावळ भागांत वैशाखांत पारा केव्हां केव्हां ४५ अंशांच्या वर जातो. तेथें ही क्रिया किती वेगानें होत असेल हें सांगावयास नको. परंतु हा बिघाड वरच्या कातडीपुरता असतो. करडी दिसणारी फळी रंध्यानें किंचित् ताशिली तर आंत सागाचा मूळ सोनेरी रंग निघतो. करडी फळी ही म्हातारी झालेली असते, मेलेली नसते.

लांकूड मरतें तें पाण्यानें, आणि तेंहि अडकून बसलेल्या पाण्यानें. धुळ्याकडे वर्षाकाठीं सुमारें ६०० व जळगांवकडे सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. आठ महिने वाळून आक्रसलेलें लांकूड या चार महिन्यांत पाणी पिऊन फुगतें, पुन्हां आक्रसतें. या ओढाताणीनें त्यास भेगा पडतात. भेगेंत पाणी शिरतें आणि पाण्यामागून बुरशी येते. कुजविणारी बुरशी कोरड्या लांकडांत वाढत नाहीं. लांकडाच्या कोरड्या वजनाच्या शंभर भागांस वीस भागांहून कमी पाणी असेल, तर तिला जगतां येत नाहीं. आपल्याकडे उघड्या हवेंत लांकूड इतकें कोरडें सहज राहतें. म्हणजे निसर्गानें आठ महिने आपलें काम सोपें केलें आहे. उरलेल्या चार महिन्यांत फळीवर पाणी सांचूं न देणें व भिजलेली फळी लवकर वाळूं देणें एवढेंच आपल्याकडे राहतें.

या बाबतींत जहाजें बांधणाऱ्यांचा अनुभव लक्षांत घेण्यासारखा आहे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली. डागडुजी होत होत ती दोनशें वर्षांनंतरहि इंग्लंडांतील हार्टलपूल येथें पाहावयास मिळते. अशा जहाजांचें सागवानी डेक रात्रंदिवस पाण्यांत भिजत असे. तरी त्यावर जाड, चकचकीत रोगण चढविण्याची चाल नव्हती. खलाशी तें घासून स्वच्छ ठेवीत आणि पाणी वाहून जाऊं देत. भिजलें म्हणून लांकूड मरत नाहीं, भिजून वाळलें नाहीं म्हणजे मरतें, हा धडा यांतून घ्यावयाचा.

सागाविषयींहि एक गैरसमज आहे. साग म्हटला म्हणजे त्यास कीड लागत नाहीं असें आपण समजतों. हें सागाच्या गाभ्यापुरतें खरें आहे. गाभ्यांत असलेलीं नैसर्गिक द्रव्यें वाळवी व बुरशी यांस दूर ठेवतात. परंतु सालीलगतचें जें फिकट लांकूड असतें, त्यांत हा गुण नाहीं. फळीची एक कड गाभ्याची व दुसरी फिकट असेल, तर फिकट कडच प्रथम जाते. आंब्याची फळी तर उघड्यावर वापरूंच नये. ती थोड्या पावसाळ्यांतच कुजते. अंजनाचें लांकूड जड व चिवट असल्यामुळें खांबास उत्तम.

२. आधीं पाहणी

दिवाळी झाल्यावर, ज्वारी-हरभऱ्याच्या पेरण्या आटोपल्या म्हणजे, एका सकाळीं सज्जाची व ओट्याची पाहणी करावी. हातांत एक टोच्या व खडू घ्यावा.

प्रत्येक फळीच्या दोन्ही टोंकांशीं, खिळ्यांच्या भोंवतीं व भिंतींत शिरणाऱ्या भागाशीं टोच्या दाबून पाहावा. चांगल्या लांकडांत तो जेमतेम रुततो व काढतांना लांब, चिवट कुसळ निघते. कुजक्या लांकडांत तो सहज शिरतो व भुसा निघतो. अशा ठिकाणीं खडूनें खूण करावी. फळीचें टोंक हें तिचें तोंड आहे. अंगापेक्षां टोंकानें लांकूड कितीतरी पट पाणी ओढतें. म्हणून टोंकें तपासल्यावांचून पाहणी पुरी झाली असें समजूं नये.

मग खालच्या बाजूस जाऊन कड्या पाहाव्या. फळी मोडली तर पाय अडकतो. कडी मोडली तर सगळा सज्जा येतो. कडीचें भिंतींतील टोंक मऊ लागल्यास सज्जावर जाणें त्याच दिवशीं बंद करावें, खालीं टेकू द्यावा व सुतारास बोलवावें. तेलपाण्याचा विचार नंतर. जोत्यावरून, खांबावरून मातीचे बारीक नळ वर चढतांना दिसले तर ती वाळवीची वाट समजावी. ते मोडून टाकावे आणि दर आठ दिवसांनीं पुन्हां पाहावें; नवे नळ चढूं लागले तर जमिनींतच उपाय करावा लागेल.

शेवटीं एक तांब्या पाणी सज्जावर ओतावें. तें पुढच्या कडेकडे वाहत गेलें पाहिजे. फुटामागें एक ते दोन सूत उतार पुरे होतो. पाणी भिंतीकडे येत असेल किंवा मध्यें डबकें होत असेल, तर कितीहि तेल दिलें तरी तें लांकूड टिकणार नाहीं. उतार आधीं सुधारला पाहिजे. ओट्याच्या बाबतींत फळ्यांखालीं निदान एक हात मोकळी जागा व दोन बाजूंनीं वारा हवा. त्याच्या लांकडी पायांखालीं दगड असावा. मातीशीं लांकडाचा प्रत्यक्ष संबंध येऊं देऊं नये. पुष्कळ ठिकाणीं ओट्याखालच्या या जागेंत पऱ्हाट्या, गोवऱ्या व जुनीं पोतीं कोंबून ठेवतात. वाऱ्याची वाट बंद करून वाळवीस घर देण्याचा याहून सोपा उपाय नाहीं.

३. सफाई

सफाईचा आरंभ कोरड्यानें करावा. कुंड्या, पोतीं, खाटा हलवून खराट्यानें सगळी जागा झाडून घ्यावी. दोन फळ्यांमधील फटींत माती, धान्याचे दाणे व निंबाचा पाला बसलेला असतो; बांबूच्या पातळ कामटीनें तो काढावा. फट ज्वारीचा दाणा आरपार पडेल एवढी मोकळी पाहिजे. या फटी म्हणजे सज्जाच्या मोऱ्या होत. त्या बुजल्या कीं पाणी फळीच्या कडेनें आंत मुरतें.

मग धुणें. साध्या मळास रिठ्याचें पाणी किंवा अंगाचा साबण पुरे. काथ्याच्या कुंच्यानें लांकडाच्या रेषेच्या दिशेनें घासावें, आडवें घासूं नये. तारेचा ब्रश वापरूं नये. त्याच्या लोखंडाचे कण लांकडांत राहतात आणि पहिल्या ओलाव्यास काळे ठिपके उठतात. तेलकट डागास कोमट पाण्यांत थोडा धुण्याचा सोडा घालून चोळावें व लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानें धुवावें, कारण सोडा राहिल्यास साग काळवंडतो.

हल्लीं फवारणीचे जोराचे पंप पुष्कळांकडे असतात व त्यांनींच सज्जा धुण्याचा मोह होतो. तो आवरावा. जोराच्या धारेनें लांकडाचे मऊ तंतु उखडून फळी केंसाळ होते. शिवाय पंपांत कीटकनाशकाचा अंश राहिलेला असतो; ज्या जागीं मुलें रांगतात व उन्हाळ्यांत वाळवण घालतात, तेथें तो फवारणें बरें नव्हे. बादली आणि कुंचा हींच या कामाचीं खरीं साधनें.

हिरवें शेवाळ किंवा काळी बुरशी असेल, तर ब्लीचिंग पावडरीचें पातळ पाणी कुंच्यानें लावून दहा मिनिटांनीं धुऊन टाकावें. खिळ्यांभोंवतीं जे निळसर-काळे डाग दिसतात, ते मात्र बुरशीचे नसून लोखंड व लांकडांतील तुरट द्रव्य यांच्या संयोगाचे असतात. ब्लीचिंगनें ते जात नाहींत. त्यांस ऑक्झॅलिक ॲसिड लागतें. एका लिटर कोमट पाण्यांत सुमारें ६० ग्रॅम पूड विरघळवून प्लास्टिकच्या भांड्यांतून लावावी, पंधरा-वीस मिनिटें ठेवावी व तीन वेळां स्वच्छ पाण्यानें धुवावें. याच पाण्यानें करडी फळीहि पुष्कळ उजळते.

येथें दोन गोष्टी पक्क्या ध्यानांत ठेवाव्या. पहिली, ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. हातमोजे घालावे, मुलांस व गुरांस दूर ठेवावें आणि धुवण हाळांत किंवा गुरांच्या पाण्याकडे जाऊं देऊं नये. दुसरी, ब्लीचिंग पावडर व कोणतेंहि ॲसिड यांची गांठ पडूं देऊं नये; त्यांतून क्लोरीन नांवाचा विषारी वायु निघतो. एका दिवशीं एकच औषध वापरावें व मधें भरपूर पाणी ओतून जागा धुऊन घ्यावी.

धुतल्यावर लांकूड पुरतें वाळूं द्यावें. आपल्याकडील हिंवाळ्याच्या कोरड्या हवेंत पांच-सहा दिवस पुरतात. मधें अवकाळी पाऊस आला तर हे दिवस पुन्हां मोजावे.

४. डागडुजी

वाळल्यावर फळ्यांचे केंस उभे राहिलेले दिसतील. ते पॉलिशकागदानें रेषेच्या दिशेनें घासून बसवावे. फार गुळगुळीत करूं नये. गुळगुळीत फळी तेल कमी पिते व पावसांत पाय घसरतो.

वर आलेले खिळे तसेच पुन्हां ठोकण्यांत अर्थ नाहीं. जुन्या भोंकांत ते धरत नाहींत. ते काढून त्या जागीं जस्त चढविलेले किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे स्क्रू बसवावे. फळीचें टोंक चार बोटांपर्यंत कुजलें असेल, तर तेवढेंच कापून आधारास आडवा तुकडा द्यावा. सगळी फळी फेंकण्याची गरज नसते. एखादी फळी वरून झिजली असेल पण घट्ट असेल, तर ती उलटी करून बसवावी. तिची दुसरी बाजू बहुधा कोरी निघते. कापलेल्या प्रत्येक टोंकास त्याच वेळीं तेल पाजावें.

भेगांत लांबी भरून त्या बंद करण्याची चाल घरांतील दारांस ठीक आहे. उघड्यावरच्या फळीची भेग भरली तर लांकूड हालतांना लांबी सुटते व तिच्यामागें पाणी अडकतें. तेव्हां बारीक भेग उघडीच ठेवून तिच्यांत तेल सोडावें.

५. कोणतें तेल चांगलें, कोणतें वर्ज्य

पुष्कळांची समजूत अशी कीं, जितका जाड व चकचकीत थर तितकें लांकूड सुरक्षित. घराच्या आंत हें चालेल. उघड्यावर मात्र वॉर्निश किंवा तेलरंगाचा थर लांकडाबरोबर फुगत-आक्रसत नाहीं. एक-दोन उन्हाळ्यांत तो तडकतो. तडकेंतून पाणी आंत जातें, पण वरच्या थरामुळें बाहेर येऊं शकत नाहीं. वर रंग चकाकत असतो व खालीं फळी कुजत असते. शिवाय पुढच्या वेळीं हा सगळा थर खरवडून काढावा लागतो. म्हणून पायाखालच्या फळीस वर बसणारा थर नको, आंत मुरणारें तेल पाहिजे.

तेलांतहि निवड आहे. हवेंतील प्राणवायु घेऊन जें घट्ट होतें, तेंच तेल या कामाचें. जवसाच्या तेलांत हा गुण उत्तम आहे. भुईमुगाचें तेल कधींच वाळत नाहीं. तिळाचें अर्धवट वाळून चिकट राहतें व त्यावर धूळ बसते. करडईचें तेल वाळतें, पण फार सावकाश. तेव्हां जवसच बरें. कच्च्या जवसतेलास वाळण्यास कित्येक दिवस लागतात. रंगाच्या दुकानांत मिळणारें उकळलेलें तेल एक-दोन दिवसांत वाळतें, कारण त्यांत वाळविणारे धातूंचे क्षार घातलेले असतात. याच कारणानें तें खाण्याच्या तेलाशेजारीं कधींहि ठेवूं नये, व त्याच्या बाटलीवर ठळक खूण करावी.

नुसत्या तेलानें पाणी कांहीं काळ अडतें, पण ऊन अडत नाहीं. त्यासाठीं तेलांत रंगद्रव्य लागतें. येथें आपल्या घरची गेरूची पूड फार उपयोगी पडते. गेरूचा तांबडा रंग लोहाच्या भस्माचा असतो. तें भस्म उन्हाचे अपायकारक किरण स्वतः अडवितें व उन्हानें विटत नाहीं. बाजारांत ‘वुड स्टेन’ या नांवानें मिळणाऱ्या पुष्कळशा द्रावणांचें तत्त्वहि हेंच आहे. तीं घेतलीं तरी हरकत नाहीं; मात्र डब्यावर ‘बाहेरच्या लांकडासाठीं’ असें पाहून घ्यावें, आणि थर धरणारें नव्हे तर मुरणारें घ्यावें.

कांहीं पदार्थ मात्र सर्वस्वीं वर्ज्य समजावे. ट्रॅक्टरचें जळकें ऑइल फुकट मिळतें म्हणून फळ्यांस चोपडण्याची रीत खेड्यांतून सर्रास दिसते. तें वाळत नाहीं, पायांस व कपड्यांस लागतें, पावसानें निथळून अंगणांत उतरतें, आणि त्यांत इंजिनाच्या झिजेचे धातु व इतर अपायकारक द्रव्यें असतात. डांबर खांबाच्या जमिनींतील टोंकास द्यावें. फळ्यांस दिल्यास वैशाखांत त्या निखाऱ्यासारख्या तापतात. रेल्वेचे जुने लांकडी स्लीपर कोणाकडे असतील, तर त्यांपैकीं कित्येकांत क्रिओसोट मुरविलेलें असतें. असें लांकूड कुंपणास ठीक, बसण्या-उठण्याच्या जागीं नव्हे.

हिरवट रंगाचें, औषध मुरविलेलें लांकूड घेतांनाहि चौकशी करावी. १९३३ सालीं डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंती कामेशम् या शास्त्रज्ञांनीं तांबें, क्रोमियम व सोमल यांचें एक द्रावण शोधून काढलें. वाळवी व कूज यांवर तें इतकें गुणकारी ठरलें कीं जगभर त्याचा प्रसार झाला. परंतु पुढें त्यांतील सोमलाविषयीं शंका निघाल्या, आणि अमेरिकेंत २००३ सालच्या अखेरीस घरगुती ओटे व सज्जे यांसाठीं असें लांकूड तयार करणें उत्पादकांनीं बंद केलें. अशा लांकडाची गव्हाण करूं नये व त्याचे तुकडे चुलींत घालूं नयेत. धुरांत व राखेंत सोमल उतरतो.

६. तेलाचे हात देण्याची रीत

या कामास आपल्याकडे माघ व फाल्गुन हे महिने उत्तम. पावसाळ्याचा ओलावा गेलेला असतो, ऊन बेताचें असतें, दंव कमी झालेलें असतें, आणि होळीच्या आंत काम उरकलें म्हणजे पापड-कुरडयांच्या वाळवणापूर्वीं तेल पक्कें होण्यास तीन-चार आठवडे मिळतात. वैशाखांत हें काम करूं नये. तापलेल्या फळीवर तेल आंत मुरण्याआधींच वर साय धरतें.

पश्चिमेकडचा सज्जा सकाळीं व पूर्वेकडचा दुपारनंतर करावा, म्हणजे काम सावलींत होतें. प्रथम फळीवर चार थेंब पाणी टाकून पाहावें. थेंब लगेच मुरले तर लांकूड तेल घेण्यास तयार आहे. ते मोत्यासारखे उभे राहिले तर जुनें तेल अजून शाबूत आहे. त्या वर्षीं नवा हात देण्याची गरज नाहीं.

पहिल्या हातासाठीं उकळलेलें जवसतेल तीन भाग व टर्पेंटाइन एक भाग असें मिश्रण करावें. लिटरभर मिश्रणांत वस्त्रगाळ केलेली गेरूची पूड सुमारें १०० ग्रॅम घालून ढवळावी व आधीं एखाद्या टाकाऊ तुकड्यावर रंग पाहावा. पूड तळाशीं बसते, म्हणून काम चालू असतां वारंवार ढवळावें. ब्रशानें एका वेळीं दोन-तीन फळ्या टोंकापासून टोंकापर्यंत कराव्या; मधेंच थांबल्यास जोडाचा पट्टा दिसतो. फळ्यांचीं टोंकें तेल पीत आहेत तोंवर त्यांस पाजीत राहावें. शक्य असेल तेथें फळीच्या खालच्या बाजूसहि तेल द्यावें.

पंधरा-वीस मिनिटांनीं जें तेल वर राहिलें असेल, तें फडक्यानें कोरडें पुसून घ्यावें. हें पुसणें हेंच या कामांतील मर्म आहे. तेल वर राहिलें तर चिकट साय होते, तिच्यावर धूळ बसते, आणि पावसाळ्यांत काळी बुरशी त्याच तेलावर पोसते. तीन दिवसांनीं दुसरा हात बिनटर्पेंटाइनचा, पातळ द्यावा व तोहि पुसून घ्यावा. चार दिवस त्यावर चालणें टाळावें. वाळवण मात्र नेहमीं स्वच्छ कापडावरच घालावें.

किती तेल लागेल याचा अंदाज असा. एका लिटरांत ८० ते १०० चौरस फुटांस एक हात होतो. सज्जा पंधरा फूट लांब व चार फूट रुंद असेल, तर दोन्ही बाजू मिळून १२० व कठड्याचे ३० धरून १५० चौरस फूट झाले. दोन हातांस तीन ते चार लिटर मिश्रण लागेल. पहिल्या वर्षानंतर दरसाल एकच हात, किंवा पाण्याचे थेंब उभे राहत असतील तर तोहि नाहीं.

७. चिंध्यांचा धोका

आतां जी गोष्ट सांगावयाची ती सर्वांत महत्त्वाची आहे. जवसतेल वाळतें म्हणजे हवेंतील प्राणवायु शोषून घेतें, आणि तें होत असतां उष्णता निघते. फळीवर ती हवेंत विरून जाते. पण तेलानें भिजलेलीं फडकीं गोळा करून कोपऱ्यांत टाकलीं, तर आंतील उष्णता बाहेर निघूं शकत नाहीं. ती वाढत जाते व कांहीं तासांत तीं फडकीं आपोआप पेट घेतात. काडी नको, ठिणगी नको.

ही भीति कल्पनेंतली नव्हे. २३ फेब्रुवारी १९९१ रोजीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं अडतीस मजल्यांच्या एका इमारतींत असाच अग्निप्रलय झाला. लांकडाचें काम करणाऱ्यांनीं जवसतेलाच्या चिंध्या तशाच टाकल्या होत्या. त्यांतून आग उठली, अनेक मजले जळाले आणि आग विझविणारे तीन जवान प्राणांस मुकले. आपल्याकडे हाच फेब्रुवारीचा सुमार म्हणजे तेलपाण्याचा काळ, आणि याच सुमारास भाव वाढेल या आशेनें कापूस ओसरींत किंवा माडीवर भरलेला असतो. सज्जावर काम करून फडकीं सहज कापसाच्या खोलींत टाकलीं, तर वर्षाचें पीक व वडिलोपार्जित घर यांचें काय होईल हें सांगण्याची गरज नाहीं.

उपाय सोपा आहे. काम सुरूं करण्यापूर्वींच झांकणाचा एक पत्र्याचा डबा पाण्यानें अर्धा भरून अंगणांत ठेवावा आणि प्रत्येक फडकें वापर संपतांच त्यांत बुडवावें. किंवा तीं घरापासून दूर, दगडावर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवावीं. चुरगळून, एकावर एक रचून किंवा पिशवींत भरून कधींहि ठेवूं नयेत. मजुरानें काम केलें तरी हा डबा मालकानें स्वतः पाहावा.

८. वर्षाचा क्रम

दिवाळीनंतर पाहणी व खडूच्या खुणा. मार्गशीर्ष-पौषांत सफाई व डागडुजी. माघ-फाल्गुनांत तेलाचे हात. ज्येष्ठांत, मृग लागण्यापूर्वीं, फटी पुन्हां मोकळ्या करणें, धाब्याच्या पन्हळीचें पाणी सज्जावर पडत असल्यास तें दूर वळविणें व कुंड्या विटांच्या तुकड्यांवर ठेवणें. पावसाळ्यांत दर आठ दिवसांनीं झाडणें, आणि ओलीं पोतीं, चारा किंवा पाला फळ्यांवर न ठेवणें. एवढें केलें म्हणजे झालें.

यांतील कोणतेंहि काम कठीण नाहीं. शेतांत पाणी सांचलें तर आपण चर काढून तें वाहतें करतों. उभें पीक पाण्यांत ठेवीत नाहीं. सज्जाच्या फळीसहि तोच न्याय लावावा. पाण्यास वाट, लांकडास वारा, आणि वर्षांतून एकदां मुरून पुसलेलें तेल, हीं तीन जेथें मिळतात तेथें बापानें बसविलेल्या फळीवर नातू निर्धास्त बसूं शकतो.